रेषेखालची एक फाइल

घरत सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलाखती घेत होते. आमच्या पनवेलच्या महाविद्यालयात पीएचडीचं संशोधन केंद्र आहे आणि त्या दिवशी प्रवेशासाठी आलेले उमेदवार एकामागून एक आत येत होते. समोर बसलेली मुलगी खाडीच्या पाण्याबद्दल काहीतरी सांगत होती आणि टेबलावर पालथा ठेवलेला माझा फोन थरथरत होता. थांबला, पुन्हा सुरू झाला. मुलगी बाहेर गेल्यावर पाहिलं तर चंद्राताईंचा नंबर. चंद्राताई म्हणजे सरांची थोरली बहीण. त्या आपणहून कधी फोन करत नसत. मी लगेच लावला. पलीकडून त्या एवढंच म्हणाल्या, "सुदाकर उठत नाय गो." सकाळचा चहा घेऊन सर खुर्चीत टेकले होते, ते तसेच... डॉक्टर येऊन गेले होते. दारातून शिपाई पुढचं नाव विचारत होता, शेजारचे दोघे सहकारी माझ्याकडे बघत होते आणि माझ्या पुढ्यात प्रवेशपरीक्षेच्या गुणांचा कागद होता. त्यावर मध्यावर कुणीतरी पट्टी धरून लाल रेघ मारली होती. रेघेच्या वरच्यांना आज बोलावलं होतं. खालच्यांना बोलावलंच नव्हतं.

मी सहकाऱ्यांची माफी मागून उठले आणि रोडपालीला सरांच्या घरी गेले. पण तो कागद डोळ्यांपुढून हलेना. अजूनही हलत नाही. आपण आता ज्याला बघायला चाललोय त्या माणसाची आणि आपली पहिली गाठ अशाच एका रेघेपाशी पडली होती, आणि आपल्याला ते कित्येक वर्षं माहीतही नव्हतं, हे त्या वाटेवर मला सारखं आठवत होतं.

डॉ. सुधाकर घरत यांचा विषय भूशास्त्र, त्यातही गाळ. नदी गाळ कसा आणते, खाडीत तो कसा थरांनी बसतो, त्या थरांवरून मागच्या पूर-भरत्या कशा वाचता येतात, यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि ते बहुतेक सगळं अमेरिकेतल्या एका विद्यापीठात गेलं. माणूस मात्र इथला. उरणच्या बाजूच्या एका गावात घरतांचं मिठागर होतं. मी त्यांचं नाव पहिल्यांदा वाचलं ते पनवेलच्या एसटी स्टँडजवळच्या एका सायबर कॅफेत, वीसेक वर्षांपूर्वी. मी आपट्याची. वडिलांची भाताची गिरणी होती, आणि घरापासून हाकेच्या अंतरावर पाताळगंगा. एमएस्सीला मी त्याच नदीच्या गाळावर प्रकल्प केला होता. पुढे अमेरिकेत जाऊन शिकायचं असं डोक्यात बसलं होतं. विद्यापीठांची पानं चाळता चाळता एका विभागात "घरत" हे आडनाव दिसलं आणि मी खुर्चीत सरळ झाले. आपल्याकडचं आडनाव, आणि विषयही गाळ. मी त्यांना लांबलचक ईमेल लिहिली. आपल्या नदीच्या गाळात काय दिसलं, अजून काय शोधता येईल, सगळं. उत्तर आलं नाही. तरी त्यांच्याच विभागात मी अर्ज केला. इतरत्रही केले, पण मन तिथे होतं.

त्या अर्जासाठी जीआरई नावाची प्रवेशपरीक्षा द्यावी लागे, गणिताची आणि इंग्रजी शब्दांची. गणिताची मला भीती नव्हती. भीती शब्दांची होती. एका मैत्रिणीच्या भावाने वापरून खिळखिळा केलेला जाडजूड ग्रंथ माझ्याकडे होता. चिक्कू माणसाला इंग्रजीत किती वेगवेगळे शब्द आहेत आणि बडबड्या माणसाला किती, हे मी त्यातून पाठ करत असे. गिरणीच्या आवाजात मोठ्याने म्हटलं तरी कुणाला ऐकू जायचं नाही, म्हणून तिथे बसून म्हणत असे. आई एकदा म्हणाली, "इतके शब्द कुणाशी बोलणार आहेस?" परीक्षा मुंबईत, संगणकावर. थंडगार खोली, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना फळ्या. त्या परीक्षेची एक रीत होती. तुमचं उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येई, चुकलं की सोपा. मध्येच कधीतरी माझ्या लक्षात आलं की शब्दांचे प्रश्न सोपे येऊ लागलेत. मला ते येत होते, मी बरोबर उत्तरं देत होते, आणि त्याच वेळी मला कळत होतं की आपण खाली चाललो आहोत. सोपं काही समोर आलं की आपलं काहीतरी चुकलंय असं समजायची सवय मला त्या दिवसापासून लागली. अखेरीस पडद्यावर दोन आकडे आले. गणिताचा भरघोस, शब्दांचा बेताचा.

नकार आला तो चार ओळींचा. अर्जदार खूप होते, जागा थोड्या होत्या, तुम्हाला शुभेच्छा. बाकीच्या ठिकाणांहूनही साधारण तेच आलं. मी नेट दिली, पनवेलला नोकरी लागली, लग्न झालं, नोकरी सांभाळून पीएचडी केली. काही वाईट झालं असं म्हणता यायचं नाही. पण नाकारलेल्या माणसाला आपल्याला का नाकारलं हे कुणी सांगत नाही, मग तो आपणच कारणं जुळवत बसतो. इंग्रजी. प्रकल्प लहान. कॉलेजचं नाव नाही. शिफारसपत्र देणारे सर साधे. कधी एक, कधी दुसरं... वर्षानुवर्षं मी ही कारणं फिरवून फिरवून बघत आले.

काही वर्षांपूर्वी घरत सर नोकरी लवकर सोडून कायमचे परत आले. पत्नी तिकडेच वारली होती, मूलबाळ नव्हतं. मिठागराची जमीन कधीच गेली होती आणि विधवा बहीण एकटी होती. दोघांनी रोडपालीला फ्लॅट घेतला. आमच्या प्राचार्यांनी त्यांना व्याख्यानाला बोलावलं. मी पहिल्या रांगेत. उंच, वाकलेला माणूस, पायांत साध्या चपला, मराठी बोलताना अधूनमधून शब्द शोधणारा. व्याख्यान संपल्यावर मी पाणी द्यायला गेले तर त्यांनीच विचारलं, "तुम्ही आपट्याच्या ना?" मला वाटलं, प्राचार्यांनी सांगितलं असेल. मी हसून म्हटलं, "सर, मी एकदा तुमच्या विभागात अर्ज केला होता. मिळालं नाही." ते "हो" म्हणाले आणि पाणी प्यायले. त्या "हो"चा अर्थ मी "असं का" असा घेतला.

मग येणं-जाणं वाढलं. ते आमच्या प्रयोगशाळेत येत, मुलांबरोबर खाडीत उतरत, चिखलात गुडघाभर उभे राहून शिकवत. मी "सर" म्हणत असे, ते काही महिन्यांनी "मॅडम" सोडून "वंदना" म्हणू लागले. रविवारी सकाळी रोडपालीच्या घरी बाहेर शिकायला जाऊ बघणारी मुलं जमत. त्यांचे अर्ज सर ओळ न ओळ वाचत. चंद्राताई सगळ्यांना पोहे करत. सरांनीही जीआरईसाठी इंग्रजी शब्द पाठ केले होते, त्याची गोष्ट चंद्राताईंनीच मला एकदा सांगितली. "मिठागरावर फळी ओढताना ह्यो तोंडातल्या तोंडात कायतरी बोलाचा. आमाला कुनालाच कलाचं नाय. आयेला वाटलं पोराला भायेरचं कायतरी लागलंय. मंग तिनं नेला भगताकडं." मी सरांकडे पाहिलं. ते हसत होते. चंद्राताई पुढे म्हणाल्या, "भगतानं आयकलं, आयकलं, नि आयेला बोलला, ह्ये समिंदराच्या पल्याडचं हाय, माज्यानं उतरनार नाय." सर म्हणाले, "बरोबर होतं त्याचं. उतरलं नाहीच."

सरांना त्या परीक्षेबद्दल कृतज्ञता होती. ती ते लपवत नसत. "माझ्या प्राचार्यांना तिकडे कोण ओळखत होतं?" ते म्हणत. "त्यांनी मला देवमाणूस म्हटलं असतं तरी कुणी विश्वास ठेवला नसता. तो आकडा होता म्हणून माझी फाइल कुणीतरी उघडली." पुढे त्यांच्या विभागात या परीक्षेची सक्ती बंद करावी असा ठराव आला. गरिबांची मुलं, परक्या भाषेची मुलं तिच्यामुळे अडतात, आणि पुढे संशोधन कोण चांगलं करणार हे तिच्यावरून कळत नाही, असं बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं. सर विरुद्ध बोलले आणि हरले. "आणि हरलो तेही बरोबर होतं," असं ते मला म्हणाले. "त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण पुढच्या वर्षी निवडलेल्यांच्या फाइली बघितल्या तर जवळजवळ प्रत्येकाला आमच्या ओळखीच्या कुणीतरी पत्र दिलेलं. आकड्याने माणूस अडतो, वंदना. आकडा काढला की ओळख नसलेला माणूस अडतो. अडवायला काही ना काही असतंच." हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

एका हिवाळ्यात ते म्हणाले, मला आपटा दाखव. मी माहेरी चाललेच होते, त्यांना गाडीत घेतलं. आईने भाकरी-मासळी वाढली. दुपारी आम्ही नदीवर गेलो. पाणी ओसरलेलं, काठाचा गाळ उघडा पडलेला. घाटाच्या पायरीवर बसून ते बोटाने गाळाचे थर मोजत राहिले. मग म्हणाले, "तुझी ईमेल मी वाचली होती."

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"तिला उत्तर देता येत नव्हतं. मी त्या वर्षी निवड समितीत होतो. अर्जदारांशी बोलायचं नाही असा नियम होता. पण वाचली होती. चांगली होती."

मग त्यांनी सगळं सांगितलं. अर्ज इतके येत की कार्यालय आधी गुणांप्रमाणे दोन ढीग करी. रेषेच्या वरचे समिती वाचे. खालचे टेबलाच्या कडेला ठेवलेले असत. सभासदाला वाटलं तर खालच्या ढिगातली एखादी फाइल तो वर मागू शकत असे. माझे शब्दांचे गुण रेषेच्या थोडेसे खाली होते. सभेच्या आधी सरांनी तो ढीग चाळला होता आणि पत्त्यात "आपटा" वाचून त्यांचा हात थांबला होता. फाइल त्यांनी पूर्ण वाचली. सभेत ती त्यांच्यासमोर होती. आदल्याच वर्षी एक सहकारी हसत म्हणाला होता, घरत आता आपलं अख्खं गाव इकडे आणणार. सगळे हसले होते, सरही हसले होते. ती चेष्टा त्यांच्या मनात राहिली होती. अध्यक्षांनी विचारलं, खालच्यातलं कुणी बघायचंय का? "आणि मी म्हणालो, कोणी नाही." सर थांबले. "दोन शब्द. मग आम्ही जेवायला गेलो."

मी विचारलं, "किती गुण कमी होते?"

"थोडे."

"किती, सर?"

"वंदना, इतके थोडे की सांगितलं तर तुला जास्त त्रास होईल."

मी उठले. ते माझ्या मागून आले. रोडपालीला त्यांना उतरवलं, त्यांनी दार लावताना काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि मी गाडी पुढे काढली.

त्यानंतर कित्येक महिने मी त्यांच्याकडे गेले नाही. राग होताच, पण नुसता राग असता तर सोपं होतं. जगात फार थोड्या माणसांना आपल्याला का नाकारलं ते कळतं. मला कळलं होतं. इतकी वर्षं जी कारणं मी फिरवून बघत होते ती सगळी एका दुपारी निकामी झाली आणि त्यांच्या जागी एक माणूस येऊन बसला. हातात माझी फाइल, ती त्याला आवडलेली, आणि तो म्हणतोय, कोणी नाही. वर्गात शिकवताना, भाजी निवडताना, मुलाची वही तपासताना मला ते टेबल दिसायचं. मी ते कधी पाहिलेलं नव्हतं, तरी त्याचा रंग मला माहीत होता. एकदा पेपर तपासता तपासता कुणीतरी मागून "कोणी नाही" म्हणाल्याचं ऐकू आलं आणि मी वळून पाहिलं. स्टाफरूममध्ये खरंच कोणी नव्हतं.

मला परत त्यांच्या दारात नेलं ते रुबिनाने. रुबिना माझी एमएस्सीची विद्यार्थिनी. तिच्या वडिलांचं पनवेलच्या बाजारात अस्तर-बटणांचं दुकान आहे. मुलगी हुशार, हट्टी, चिखलाला न घाबरणारी. ती एक दिवस मोबाइल घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "मॅडम, इथे लिहिलंय जीआरई ऐच्छिक. अब्बू म्हणतात, ऐच्छिक म्हणजे नको. मग देऊ की नको?" मला सांगता येईना. ज्याला सांगता आलं असतं तो एकच माणूस माझ्या ओळखीचा होता. मी दोन दिवस विचार केला आणि तिला घेऊन रोडपालीला गेले.

दार सरांनीच उघडलं. ते बारीक झाले होते. माझ्याकडे पाहून "या" म्हणाले, जणू मागच्या रविवारीच येऊन गेले होते मी. रुबिनाचा प्रश्न ऐकून त्यांनी चष्मा काढला. "ऐच्छिक म्हणजे काय, सांगतो. ज्याचे मार्क चांगले, तो पाठवतो. ज्याने पाठवले नाहीत त्याच्याबद्दल बघणारा मनात काय समजायचं ते समजतो. समजू नये असा नियम असतो. पण बघणारा माणूसच असतो." रुबिनाने विचारलं, "मग सर, देऊ?" ते म्हणाले, "दे. आणि आकडा बघून आपण ठरवू." तिने दिली. आकडा मधलाच आला, लपवण्यासारखाही नाही, मिरवण्यासारखाही नाही. सर म्हणाले, "नको पाठवू. मी तुला पत्र देईन. माझ्या विभागातही देईन. तिथे माझं पत्र अजून वाचतात." ते नुसतं पत्र द्यायला तयार नव्हते. आधी वर्षभर त्यांनी तिच्याकडून काम करून घेतलं. तिचे नमुने नाकारले, पुन्हा आणायला लावले, तिच्या लिखाणावर लाल पेन चालवलं. ती रडलीही एकदा. चंद्राताईंनी तिला आत नेऊन चहा दिला आणि सरांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पोरीला छळू नको रे, तुला कोनी छळला व्हता काय?"

मी पुन्हा रविवारी जाऊ लागले. आपट्याच्या त्या दुपारीबद्दल आम्ही बोललो नाही. त्यांना माफ केलं का, असं मला कुणी विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. मी जात होते, एवढं खरं. शेवटचं भेटले तेव्हा मुलं निघून गेली होती, चंद्राताई खाली भाजीला गेल्या होत्या. सर कप विसळत होते. पाठमोरे असतानाच म्हणाले, "त्यानंतर, ती रेष होती तोवर, दर वर्षी मी खालचा ढीग घरी नेत होतो. सगळा वाचायचो. सहकारी हसायचे. काही फाइली वर आणल्या. त्यातली काही मुलं चांगली निघाली, काही मधेच सोडून गेली. तू म्हणशील, मग भरपाई झाली."

"मी असं म्हणणार नाही," मी म्हटलं.

"हं. नाहीच झाली." त्यांनी कप पालथे घातले. "मी हात वर केला असता तरी बाकीच्यांनी नाही म्हटलं असतं कदाचित."

"कदाचित."

"पण मग ती चूक त्यांची असती." ते वळले, हात पंचाला पुसत होते. "प्रत्येक पत्ता मी आधी वाचायचो, वंदना. शेवटपर्यंत. आपट्याहून पुन्हा कुणी अर्ज केला नाही."

निघताना नेहमीसारखं "येते सर" म्हटलं. त्यांनी दारापर्यंत येऊन लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्टचं दार बंद होईस्तोवर ते उभे होते. मी त्या दिवशी आणखी काहीतरी बोलायला हवं होतं असं आता सारखं वाटतं. काय, ते मात्र अजूनही ठरत नाही.

ते गेले तेव्हा रुबिनाच्या अर्जांची मुदत जवळ आली होती. एकेका विद्यापीठाच्या पानावर शिफारसपत्र चढवायचं असतं. तीन ठिकाणी सरांनी ते चढवलं होतं. त्यांच्या स्वतःच्या विभागाचं राहिलं होतं. ते सावकाश, नीट लिहायचं म्हणून त्यांनी मागे ठेवलं असावं. विधी उरकायच्या आतच रुबिना माझ्याकडे आली. तिला विचारायला लाज वाटत होती आणि न विचारून चालणार नव्हतं. मी त्या विभागाला कळवलं. त्यांनी फार सभ्यपणे दुःख व्यक्त केलं आणि लिहिलं, अर्जदार दुसऱ्या कुणाचं पत्र देऊ शकेल. दुसरी कोण, तर मीच. मी रात्री मुलगा झोपल्यावर नव्हे, भर दुपारी कॉलेजात दार लावून ते पत्र लिहिलं, कारण घरी लिहिताना हात चालेना. पुन्हा त्याच विभागाला मी लिहीत होते, आणि आताही मला तिथे कुणी ओळखत नव्हतं. अर्जातला एक प्रश्न होता, तुमच्या पाहण्यातल्या विद्यार्थ्यांत ही वरच्या कितव्या भागात मोडते? खाली चौकोन. मी सगळ्यात वरच्या चौकोनावर खूण केली आणि बराच वेळ त्या खुणेकडे बघत बसले.

रुबिनाने अर्ज पाठवण्याआधी विचारलं, "मॅडम, आता स्कोअर पाठवू?"

"सर नको म्हणाले होते."

"सर होते तेव्हा म्हणाले होते." तिने खाली पाहिलं. "आता माझ्याकडे दुसरं काय आहे?"

तिने आकडा पाठवला. मी तिला अडवलं नाही. अडवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

गेल्या आठवड्यात तिला सरांच्या विभागातून प्रवेश मिळाल्याचं कळलं. तिच्या अब्बूंनी पेढे पाठवले. ती माझ्यासमोर बसून हसत होती आणि मधूनच डोळे पुसत होती. मग गंभीर होऊन म्हणाली, "कशामुळे मिळालं असेल, मॅडम? तुमच्या पत्रामुळे की मार्कांमुळे? की त्यांना सरांचं वाईट वाटलं म्हणून?" मी म्हटलं, "ते कधी कळत नाही, बेटा." मिळालेल्यालाही कळत नाही, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

ती बातमी सांगायला मी रविवारी चंद्राताईंकडे गेले. सरांची खोली त्यांनी आवरलेली नव्हती. भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घातलेल्या, टेबलावर लॅपटॉप उघडा, चार्जरला लावलेला. मी बंद करायला हात पुढे केला तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. त्यो वाजतो." मला समजलं नाही. त्यांनी सांगितलं की अधूनमधून त्यातून टिंग असा आवाज येतो आणि मग त्या येऊन पडदा पदराने पुसून जातात. वाचता येत नाही, पण कोणीतरी सुधाकरला हाक मारतंय एवढं कळतं. म्हणून बंद करत नाहीत. आम्ही बोलत होतो तेवढ्यात तो खरंच वाजला. चंद्राताई म्हणाल्या, "बग कोन हाय ते."

मी सरांच्या खुर्चीत बसले. कुठल्याशा विद्यापीठाच्या यंत्राने पाठवलेला निरोप होता. मराठवाड्यातल्या एका मुलाने सरांचं नाव शिफारसीसाठी दिलं होतं. कधीतरी ऑनलाइन त्याने त्यांना काही विचारलं असेल, त्यांनी उत्तर दिलं असेल. त्या मुलाला काही कळलेलं नव्हतं. खालच्या दुव्यावर गेल्यावर पहिलाच प्रश्न होता, या अर्जदाराला आपण ओळखता का? हो आणि नाही, असे दोन चौकोन.

"काय इचारतंय?" चंद्राताई मागे येऊन उभ्या होत्या.

"या मुलाला ओळखता का, असं विचारतंय."

"मंग हो म्हन की," त्या म्हणाल्या. "आमच्या सुदाकरनं कदी कोनाला नाय म्हटलंय?"

सर गेल्याचं त्या मुलाला कळवायला हवं म्हणून मी त्याचं नाव आणि पत्ता माझ्या फोनमध्ये उतरवून घेतला. चंद्राताई माझ्या खांद्यावर हात ठेवून पडद्याकडे बघत उभ्या होत्या, उत्तर द्यायची वाट बघत.